जुन्या लक्झरी गाडीतला पिवळा दिवा आणि त्यामागची पंचवीस वर्षं

नाशिकमध्ये दहा-बारा वर्षं जुन्या बीएमडब्ल्यू, मर्सिडीज किंवा ऑडीकडे आता कोणी मान वळवून बघत नाही. गंगापूर रोडच्या सोसायट्यांत त्या उभ्या असतात, दिंडोरी-पिंपळगावच्या बागायतदारांच्या अंगणातही असतात. यातल्या काहींचा पहिला मालक दिल्लीचा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली आणि तिथल्या नीट ठेवलेल्या गाड्या पडेल भावात देशभर निघाल्या. पुढे बंदीत शिथिलता आली, पण तोवर एनओसी काढून, इथला रोड टॅक्स भरून अशा गाड्या एमएच-१५, म्हणजे नाशिकच्या, झालेल्या होत्या.

गाडी स्वस्तात आली म्हणून तिचे पार्ट स्वस्त होत नाहीत. नव्या मालकाला याची पहिली चुणूक पुष्कळदा मीटरवरच्या एका पिवळ्या दिव्याने मिळते: टायरचा आडवा छेद आणि मध्ये उद्गारचिन्ह. हवा भरली तरी दिवा जात नाही. शोरूममध्ये चारही चाकांतले हवेचा दाब मोजणारे सेन्सर बदलायचा आकडा ऐकला की माणूस म्हणतो, हवा तपासायला पंक्चरवाला आहे की, एवढ्या पैशांत नवे टायर येतील. म्हणणं चुकीचं नाही. पण हा सेन्सर एवढा महाग का, तो ठरावीक वर्षांनी मरतोच का आणि आता तो बाहेर कमी पैशांत का मिळू लागलाय, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

सुरुवात हौसेची होती. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात पोर्शच्या ९५९ या मोजक्याच बनलेल्या गाडीत चाकातली हवा मोजणारी यंत्रणा आली. पुढे १९९७च्या सुमारास अमेरिकेत कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमध्ये ती रनफ्लॅट टायरबरोबर आली, आणि इथे कारण पक्कं होतं. रनफ्लॅट टायर हवा गेल्यावरही कडक राहतो, त्यामुळे चालवणाऱ्याला स्टिअरिंगवर काहीच कळत नाही. कोणीतरी सांगावंच लागतं. बीएमडब्ल्यूने भारतात बरीच वर्षं रनफ्लॅट देऊन स्टेपनी काढून टाकली, तिथेही हाच हिशोब होता. २०००च्या सुमारास रेनॉच्या लगुनासारख्या मध्यम किमतीच्या गाडीतही सेन्सर आले. तरीही ती चैनच होती, नसली तरी कोणाचं अडत नव्हतं.

अडलं ते अमेरिकेत. फोर्डच्या एक्सप्लोरर या उंच एसयूव्हीला लावलेल्या फायरस्टोन टायरची वरची पट्टी वेगात सुटून येत होती आणि गाडी उलटत होती. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले. या टायरशी जोडलेल्या मृत्यूंचा आकडा अमेरिकी वाहतूक सुरक्षा खात्याच्या नोंदीत पुढे २७१ वर गेला. दोन्ही कंपन्या एकमेकींवर ढकलत राहिल्या, आणि त्या भांडणातला एक मुद्दा आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर फोर्डने २६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा सांगितली होती, तर ३० हवी असं फायरस्टोनचं म्हणणं होतं. कमी हवेचा टायर जास्त दबतो, बाजूने सारखा वाकतो, तापतो, आणि उन्हाळ्यात भरल्या गाडीने हायवेवर ताणला की आतले थर सुटू लागतात. चार पीएसआयवरून एवढं महाभारत झालं.

१ नोव्हेंबर २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ‘ट्रेड’ (TREAD) या वाहन-सुरक्षेच्या कायद्यावर सही केली. टायरची हवा कमी झाली की गाडीनेच सांगितलं पाहिजे, ही सक्ती त्यातून आली. ती कशी करायची यावर मात्र कंपन्यांना सोपा रस्ता हवा होता: ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या एबीएससाठी चाकांचा वेग मोजणारे सेन्सर आधीच असतात, हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होऊन जरा जास्त वेगाने फिरतं, त्या फरकावरून ओळखायचं. खर्च जवळपास शून्य. पण चारही टायर सारखेच हळूहळू उतरले तर फरकच पडत नाही आणि दिवा लागत नाही. २००२च्या पहिल्या नियमात ही पळवाट ठेवली होती. ग्राहक संघटना कोर्टात गेल्या आणि २००३ मध्ये न्यायालयाने नियम रद्द केला. एप्रिल २००५ मध्ये नवा नियम आला: एक असो की चारही, हवा सांगितलेल्यापेक्षा २५ टक्के कमी झाली तर २० मिनिटांत दिवा लागला पाहिजे. सप्टेंबर २००७ नंतर बनणाऱ्या सगळ्या हलक्या गाड्यांना तो लागू झाला. त्या काळात एवढी खात्री चाकाच्या आत बसवलेला सेन्सरच देऊ शकत होता. म्हणून त्या पिढीच्या अनेक गाड्यांत तो आला, आणि तीच पिढी आज आपल्याकडे जुनी म्हणून विकली जातेय.

हा सेन्सर बघायचा तर टायर रिमवरून उतरवावा लागतो. हवा भरायच्या नळीच्या आतल्या टोकाला काडेपेटीपेक्षा लहान काळी डबी असते. तिच्यात दाब आणि तापमान मोजणारी चिप, चाक फिरतंय का ते ओळखणारा भाग, रेडिओ आणि एक लिथियमची चपटी बॅटरी. पाणी, धूळ, उष्णता आत जाऊ नये म्हणून सगळं डिंकासारख्या लेपात बुजवलेलं. लेप फोडल्याशिवाय बॅटरी हाती लागत नाही. ब्रेकची धग सोसत आणि सतत गरगरत तिला जगायचं असतं, म्हणून ती संदेशही काटकसरीने पाठवते: गाडी चालू असताना साधारण मिनिटा-अर्ध्या मिनिटाला, उभी असताना त्याहून क्वचित. एवढं करूनही तिचं आयुष्य पाच ते दहा वर्षं. काही हौशी मंडळी लेप कोरून नवी बॅटरी झाळतात. माझं मत विचाराल तर शंभरच्या वेगाने फिरणाऱ्या चाकात असला घरगुती जोड ठेवू नये.

म्हणजे दहा वर्षांच्या गाडीत पिवळा दिवा लागला तर तो बिघाड म्हणायचाही नाही. बॅटरीची मुदत भरली एवढंच. दिवाही दोन गोष्टी सांगतो. गाडी सुरू केल्यावर तो मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर यंत्रणेत दोष आहे, बहुधा एखादा सेन्सर मेला. सुरुवातीपासून स्थिर असेल तर खरंच हवा कमी आहे. ही पद्धतही त्याच अमेरिकी नियमातून आली, म्हणून सगळ्याच गाड्या ती पाळतील असं नाही.

नाशिककरांनी पैसे काढण्यापूर्वी एक गोष्ट बघावी, आणि नेमकी तीच बहुतेक जण बघत नाहीत: आपल्या गाडीत सेन्सर आहे तरी का? युरोपने सक्ती उशिरा केली, नव्या मॉडेलना नोव्हेंबर २०१२ पासून आणि सगळ्या नव्या गाड्यांना नोव्हेंबर २०१४ पासून. तोवर चाकांच्या वेगावरून अंदाज बांधणारी पद्धत बरीच हुशार झाली होती. स्वीडनमधल्या लिंकॉपिंगच्या निरा डायनॅमिक्सने चाकाच्या थरथरीवरूनही हवा ओळखणारं सॉफ्टवेअर बनवलं आणि ऑडीने ते घेतलं. भारतात तर कुठलीच सक्ती नव्हती. त्यामुळे अमेरिकेत चाकात सेन्सर घेऊन विकली गेलेली गाडीच इथे पुष्कळदा त्याशिवाय आली. ओळखायची खूण सोपी आहे. पडद्यावर चारही चाकांचे आकडे वेगवेगळे दिसत असतील तर चाकात सेन्सर आहे. नुसता दिवाच असेल आणि मेनूत ‘रीसेट’ मिळत असेल तर बहुधा सेन्सर नाही. हवा बरोबर भरून रीसेट करायचं, काम झालं, पैसा शून्य. पोर्शची केयेन, रेंज रोव्हर असल्या गाड्यांत मात्र बहुधा चाकातच सेन्सर निघतो.

आता किमतीकडे. सुरुवातीला प्रत्येक कंपनीचा सेन्सर आपल्याच भाषेत बोलायचा. संदेशाची रचना वेगळी, गाडीला नव्या सेन्सरची ओळख करून द्यायची रीत वेगळी. रेडिओची फ्रिक्वेन्सीही वेगळी: अमेरिका-जपानसाठी ३१५ मेगाहर्ट्झ, युरोपसाठी आणि आपल्याकडे ४३३. बनवणारे थोडेच, जर्मनीत बेरू, अमेरिकेत श्रेडर. हा श्रेडर म्हणजे तोच, ज्याच्या नावाचा व्हॉल्व्ह १८९०च्या दशकापासून जगभरच्या चाकांत आहे. थोडे बनवणारे, शेकडो पार्ट नंबर, आणि दुकानदाराला त्यातला प्रत्येक ठेवणं अशक्य. म्हणून माल शोरूममधूनच घ्यायचा, तोही आयात शुल्कासकट.

चित्र पालटलं ते २०१०च्या दशकात, कोरा सेन्सर आल्यावर. श्रेडरचा ईझी-सेन्सर, ऑटेलचा एमएक्स-सेन्सर, हुफचा इंटेलिसेन्स हे विकताना रिकामे असतात. दुकानातल्या हातातल्या यंत्रात गाडीचं मॉडेल आणि वर्ष निवडलं की त्या गाडीची भाषा सेन्सरमध्ये उतरते. काहींत दोन्ही फ्रिक्वेन्सी असतात. याहून कामाची सोय म्हणजे जुन्या सेन्सरचा ओळख क्रमांक नव्यात उतरवता येतो. गाडीला वाटतं जुनाच सेन्सर बोलतोय, म्हणून गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून शिकवायचीही गरज राहत नाही. हे एवढं सोपं का, याचा अंदाज २०१० मध्ये रटगर्स आणि साउथ कॅरोलायना विद्यापीठांच्या संशोधकांनी दिला होता: हे संदेश सांकेतिक नव्हतेच, चाळीस मीटरवरूनही पकडता येत होते. सुरक्षेच्या दृष्टीने ही ढिलाई. जुन्या गाडीच्या मालकाला मात्र ती पावली.

क्रमांक उतरवायचा तर जुना सेन्सर जिवंत हवा. पूर्ण मेला असेल तर टायर उतरवून डबीवर छापलेला क्रमांक वाचायचा आणि हाताने भरायचा. बीएमडब्ल्यू, मर्सिडीजच्या बऱ्याच गाड्या काही किलोमीटर चालवल्या की नवे सेन्सर आपणहून ओळखतात. लेक्सस मात्र ऐकत नाही, तिच्या कॉम्प्युटरमध्ये नवे क्रमांक लिहावेच लागतात.

यात टायर उतरवणं, चढवणं, बॅलन्सिंग हा खर्चही असतो, म्हणून काम नव्या टायरबरोबरच करून घ्यावं, आणि एक मेला की चारही बदलावेत. बाकी तिघांच्या बॅटऱ्या त्याच वयाच्या असतात. कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून काढलेला ‘ओरिजिनल’ सेन्सर घेण्यात अर्थ नाही तो याचसाठी. अमेरिकेहून कोणी नातेवाइकाने स्वस्तात आणला तर आधी फ्रिक्वेन्सी बघा. आणि टायर सोडवणाऱ्याला मशीन लावायच्या आधीच सांगा, ‘दादा, आत सेन्सर आहे, नळीपासून लांब दाबा.’ मशीनचं पातं नळीजवळ पडलं की डबी तिथेच फुटते. ॲल्युमिनियमच्या नळीत साधी पितळी पिन बसवली तर पावसाळ्याच्या ओलीने दोन्ही एकमेकांना खाऊन अशी जाम होतात की पिन काढताना नळीच तुटते. निकेलचा मुलामा असलेली पिन, नवा रबर आणि नवा नट, हा छोटा किट फुकटसारखा असतो. तो वाचवू नये.

व्हॉल्व्हवर टोपीसारखे लावायचे चार सेन्सर आणि काचेला चिकटवायचा छोटा पडदा, हा पर्याय आणखी स्वस्त. चालतो, फक्त मीटरवरचा दिवा त्याने जात नाही, आणि टोपी चोरीला जाते. स्कॅनरने ती यंत्रणाच बंद करून देणारेही आहेत. ब्रिटनमध्ये २०१२पासूनच्या गाडीत यंत्रणेतला दोष सांगणारा हा दिवा लागलेला असेल तर वार्षिक तपासणीत गाडी नापास होते. आपल्याकडे तशी तपासणी नाही, म्हणून हे खपतं. गाडी विकताना तरी समोरच्याला सांगावं. अमेरिकेत काही बिलंदर तर चारही सेन्सर हवा भरलेल्या पीव्हीसी पाइपात बंद करून डिकीत ठेवतात. गाडीच्या लेखी टायर कायम टुमटुमीत.

नाशिकला ही चैन नव्हे असं मला वाटतं, आणि त्याला हवामान हे एक कारण आहे. डिसेंबरात दुपारी-संध्याकाळी तिशीच्या पुढच्या तापमानात ३३ पीएसआय भरलेला टायर पहाटे आठ अंशांना २९वर येतो, कुठेही गळती नसताना. आधीच २९ असेल तर २५, म्हणजे धोक्याच्या रेषेवर. त्यात समृद्धी महामार्ग आपल्या दाराशी आला: भरवीरपर्यंत मे २०२३ मध्ये, इगतपुरीपर्यंत मार्च २०२४ मध्ये. १२०च्या वेगाने सिमेंटवर तासन्‌तास चाललेला, हवा कमी असलेला टायर आणि एक्सप्लोररचा टायर यांच्यात भौतिकशास्त्र फरक करत नाही.

कायदाही हळूहळू इकडे सरकलाय. जुलै २०२० मध्ये केंद्राने ट्यूबलेस टायर, पंक्चर किट आणि हवेचे सेन्सर असतील तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना स्टेपनीची सूट दिली. सक्ती नाही, पण कंपन्यांना कारण मिळालं. तसं नाशिकला हे नवं नव्हतं. इथल्या महिंद्राच्या कारखान्यातून निघणाऱ्या स्कॉर्पिओच्या वरच्या मॉडेलांत ‘टायरट्रॉनिक्स’ नावाने सेन्सर होते आणि २०१९ पासून इथेच बनलेल्या एक्सयूव्ही-३०० मध्येही ते आले. त्या गाड्यांच्या बॅटऱ्या आता संपत आल्यात. त्यांचे मालक शोरूमऐवजी नेहमीच्या टायरवाल्याकडेच जातात, आणि त्यांच्यासाठी त्याने ते हातातलं यंत्र घेतलं की शेजारी उभ्या जुन्या मर्सिडीजचं कामही त्याच यंत्रावर होतं.