कारवान की पश्मी? पिल्लू घेण्याआधी हे बघा

जत, आटपाडी, माण या पट्ट्यात शिकारी कुत्र्याचं पिल्लू बघायला गेलं की हमखास ऐकू येतं, "हे साधं कारवान, ते पश्मी; त्याचा भाव वेगळा." जणू दोन जातीच. पण अंगाची ठेवण बघा: लांब निमुळतं तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट, नजरेवर धावणारं जनावर. सगळं एकच. फरक आहे तो केसांचा. कारवानाच्या अंगभर आखूड, चपटे बसलेले केस. पश्मीचं धडही तसंच, फक्त कान, शेपटी आणि पायांच्या मागच्या बाजूला रेशमी झालर. मुधोळ हेही तिसरं जनावर नव्हे: केनेल क्लब ऑफ इंडिया ज्याची नोंद कारवान हाउंड म्हणून करतो, त्यालाच इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणतो.

त्यामुळे पश्मी म्हणजे जास्त अस्सल, हे खोटं आहे. एकाच वेतात दोन्ही निघू शकतात. अशीच झालर असलेल्या सलुकी या परदेशी शिकारी कुत्र्यांत आखूड केसांचा गुण प्रबळ असतो, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडून आला तरी तोच दिसतो. आखूड केसांच्या जोडीला झालरीची पिल्लं होऊ शकतात, झालरीच्या जोडीला मात्र आखूड केसांचं होत नाही.

खरी फसगत पिल्लाच्या वयात होते. दीड-दोन महिन्यांच्या पिलाला पुरती झालर नसतेच, ती भरायला वर्ष-दीड वर्ष जातं. कानाच्या मुळाशी बोट फिरवून बघा, तिथे मऊ लांब केस लागतात का. आई आणि बाप दोन्ही डोळ्यांनी बघितल्याशिवाय "पश्मी" म्हणून जादा पैसे देऊ नका. आणि तोंडावर दाढी-मिशा किंवा राठ भुवया दिसल्या तर ते दोन्हींपैकी काहीच नाही. राठ केसांच्या परदेशी शिकारी कुत्र्यांत दिसणाऱ्या त्या दाढी-मिशा आरएसपीओ2 या जनुकामुळे येतात, आणि तो गुण प्रबळ आहे. म्हणजे आई-बापांपैकी एकाला तरी दाढी होतीच. संकर झालेला आहे.

घरी आणल्यावर मात्र या केसांमुळे काम बदलतं. कारवानाला आठवड्यातून एकदा रबरी हातमोजा फिरवला की झालं. पण त्याची कातडी पातळ असते, वेड्या बाभळीच्या काट्याने किंवा काटेरी तारेने सरळ फाटते. फरशीवर झोपवलं तर कोपरांना घट्टे पडतात, ते फुटून चिघळतात. खाली दोन पोत्यांची घडी हवीच, आणि डिसेंबरच्या रात्री अंगावर झूल.

पश्मीचा वैरी म्हणजे कुसळ. पावसाळा सरला की माळावरचं कुसळी गवत वाळतं. त्या कुसळाला उलटे काटे असतात, त्यामुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. झालरीत अडकतं, तिथून बोटांच्या बेचक्यात, काखेत, कानात शिरतं. सप्टेंबर ते डिसेंबर रोज संध्याकाळी पायाचं एकेक बोट फाकवून बघा, मग काख, मग कान. बोटांत टोक बाहेर दिसत असेल तर चिमट्याने सरळ ओढा. कुत्रं एकसारखं पंजा चाटतंय आणि बोटाला फोड आलीय, तर कुसळ आत गेलेलं असतं. नुसत्या गोळ्यांनी सूज उतरते आणि पुन्हा येते. मान एका बाजूला कलली, डोकं झटकतंय, तर कानात तेल किंवा काडी घालू नका. कुसळ पडद्यापर्यंत जाऊ शकतं, डॉक्टरांनी दुर्बिणीने बघून काढायचं. विंचरताना कानामागचे गुंते आधी टोकाकडून सोडवा, मग मुळाकडे. पावसाळ्यानंतर बेचक्यातले केस कात्रीने बारीक करा.

उन्हाळ्यात पश्मीची झालर भादरतात, त्याचा उपयोग नाही. धडावर केस आखूडच असतात, झालर काढून अंग थंड होत नाही. सावली आणि पाणी दोघांनाही सारखंच लागतं. गोचीड दोघांनाही धरते, झालरीत ती उशिरा सापडते एवढंच. ताप, मरगळ, नाकातून रक्त दिसलं तर लगेच रक्त तपासा.

दोन्हींच्या अंगावर चरबी जेमतेम असते आणि काही भुलीची औषधं त्यांच्या यकृतातून हळू निघतात. थायोपेंटोनसारख्या औषधाने ती नेहमीपेक्षा फार उशिरा शुद्धीवर येतात. म्हणून नसबंदी असो की कानातलं कुसळ, टेबलावर घेण्याआधी डॉक्टरांना जात सांगा आणि त्याच दिवशीचं वजन करून घ्या, अंदाजाचं नको.