नायटा, बुबुळावरची बुरशी आणि मधे आलेलं स्टिरॉइड : थोडी पार्श्वभूमी

स्टिरॉइड मिसळलेलं क्रीम लावलं की नायटा जातो, बंद केलं की दुप्पट होऊन येतो आणि महिनाभर गोळ्या खाऊनही हलत नाही, ही तक्रार आता घरोघरी आहे. त्याचं मूळ शोधायला फार मागे जायला नको. जुना भाग पटकन उरकतो. नायट्यामागे बुरशी आहे हे १८४० च्या आसपास कळलं. बुबुळावरही, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावरही, बुरशी वाढते याची पहिली नोंद १८७९ ची, मळणी करताना तूस उडून डोळ्याला लागलेल्या एका शेतकऱ्याची.

म्हणजे कारण कळलं होतं, पण धड औषध नव्हतं. विसाव्या शतकाची पहिली पन्नासेक वर्षं लहान मुलांच्या डोक्यातल्या नायट्यावर क्ष-किरण मारून केस गाळायचे, आणि त्यातल्या काहींना पुढे मोठेपणी थायरॉइडचा कॅन्सर, मेंदूच्या गाठी झाल्या. ही पद्धत मागे पडली ती १९५८ नंतर, ग्रिसिओफल्विनची गोळी माणसांच्या नायट्यावर चालते हे दिसल्यावर. मग क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, आणि नव्वदच्या दशकात टर्बिनाफिन ही बुरशीनाशकं आली. खरं तर इथे गोष्ट संपायला हवी होती.

पण याच काळात शेजारून दुसरं औषध आलं, सूज आणि खाज दाबणारं स्टिरॉइड. १९५२ मधे हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड त्वचेवर लावून एक्झिमाला गुण येतो हे दिसलं आणि साठच्या दशकात त्याहून कितीतरी जोरदार स्टिरॉइड मलमं आली. एक्झिमा, सोरायसिसवाल्यांसाठी ती वरदानच होती, यात वाद नाही. नायट्यावर लावली तरी पहिल्या दोन-तीन दिवसांत खाज थांबते आणि लाली उतरते, आणि घोळ तिथेच होतो, कारण खाज आणि लाली ही बुरशी स्वतः करत नसते, शरीर तिच्याशी भांडत असतं त्याची ती खूण असते. स्टिरॉइडने भांडण थांबतं, बुरशी मात्र कातडीच्या वरच्या थरातलं केराटिन हे प्रथिन खात निवांत पसरते. १९६८ मधेच त्वचारोगतज्ज्ञांनी यावर लेख लिहून अशा लपलेल्या नायट्याला वेगळं नावसुद्धा दिलं होतं. पन्नास वर्षांहून जुनी माहिती आहे ही!

एरवी नायट्याची कड उठलेली, लाल, खवलेदार असते आणि मधला भाग साफ होत जातो. स्टिरॉइड लावलेल्या माणसात कड पुसट होते, एका चकत्यात दुसरी चकती दिसते, मधे पुरळ असतं, जांघेत तर कातडी पातळ होऊन पांढरट पट्टे पडतात जे नंतर जात नाहीत. खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात काचेवर बघितलं तर बुरशीचे फांद्या फुटलेले धागेच धागे.

आता मुख्य वादाचा मुद्दा, स्टिरॉइड आणि बुरशीनाशक एकाच ट्यूबमधे घालायचा निर्णय. बाजू मांडणारे म्हणतात की खूप सुजलेल्या, असह्य खाजणाऱ्या नायट्यात सुरुवातीचे काही दिवस आराम मिळाला तर माणूस उपचार सोडत नाही. कागदावर पटण्यासारखं आहे. अमेरिकेत १९८४ मधे बेटामेथासोन हे स्टिरॉइड आणि क्लोट्रिमाझोल यांची जोडी मंजूर झाली, तिच्या लेबलवर जांघेसाठी दोन आठवडे, पायासाठी चार आणि सतरा वर्षांखालच्यांना नको असं लिहिलंय. पण दोन दिवसांत बरं वाटल्यावर कुणी लेबल वाचत नाही, ट्यूब घरात राहते आणि पुढच्या वेळी भाऊ, बायको, पोरगं सगळे तीच लावतात. माझ्या मते ही जोडी नायट्याच्या रुग्णाच्या हातात द्यायलाच नको होती.

भारतात तर नियमातच मोठं भोक होतं. चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या यादीत स्टिरॉइड होती, पण यादीखालच्या टिपेत बाहेरून लावायच्या औषधांना सूट होती, आणि त्या सुटीलाही अपवाद होता डोळ्याच्या आणि कान-नाकाच्या औषधांचा. म्हणजे तेच स्टिरॉइड डोळ्याच्या थेंबात असेल तर चिठ्ठी हवी आणि मलमात असेल तर नको! त्वचारोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर २०१८ च्या मार्चमधे १४ स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीच्या कक्षेत आली. त्याआधी २०१६ मधे ३४४ मिश्र औषधांवर बंदी आली होती, त्यात स्टिरॉइडसोबत तीन-चार औषधं एकत्र केलेली काही मलमंही होती, पण ती बंदी उच्च न्यायालयात रद्द झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, फेरतपासणी झाली आणि सप्टेंबर २०१८ मधे ३२८ औषधांवर पुन्हा बंदी लागली. एवढ्या वेळात किती ट्यूबा खपल्या असतील!

दरम्यान बुरशीही बदलली. टर्बिनाफिन ज्या एन्झाइमला अडवतं त्याच्या जीनमधे बदल झालेले बुरशीचे नमुने वाढले, आणि २०२० मधे जपानी संशोधकांनी भारत-नेपाळशी संबंधित रुग्णांच्या नमुन्यांवरून ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही नवी जात मांडली. स्वतंत्र जात की जुनीचीच एक शाखा, आणि नावात देश का, यावर अजून वाद आहे. २०२३ मधे अमेरिकेतही असे पहिले रुग्ण नोंदले गेले. स्टिरॉइडमुळे जीन बदलत नाही हे स्पष्ट सांगायला हवं, पण अर्धवट दबलेला नायटा महिनोनमहिने अंगावर घेऊन फिरणारा माणूस तीच बुरशी घरभर वाटत असतो.

डोळ्याचं गणित याहून कठोर आहे कारण तिथे वेळच नसतो. बुरशीच्या जखमेच्या कडा पिसासारख्या असतात, आजूबाजूला छोटे ठिपके दिसतात, आणि लाल डोळा म्हणून खरवड न घेता स्टिरॉइडचे थेंब दिले तर लाली कमी होते पण बुरशी आत शिरते, बुबुळ फाटू शकतं. डोळ्यात घालायच्या बुरशीनाशकांत नाटामायसिन जुनं, म्हणून नवं वोरिकोनाझोल सरस ठरेल असं अनेकांना वाटत होतं, पण दक्षिण भारतात झालेल्या चाचणीचे निकाल २०१३ मधे आले आणि जुनंच वरचढ निघालं, फ्युझेरियम या बुरशीच्या रुग्णांमधे तर ठळकपणे.

बुरशी नसलेल्या रोगातही स्टिरॉइडचा हाच घोळ होतो. अकँथमिबा हा एकपेशी परजीवी (एक प्रकारचा अमिबा) सत्तरच्या दशकात डोळ्यात सापडला, ऐंशीच्या दशकात त्याचा कॉन्टॅक्ट लेन्सशी संबंध लक्षात आला. तो बऱ्याचदा हर्पिस या विषाणूचा संसर्ग समजला जातो आणि निदानाआधी स्टिरॉइड पडलेल्या डोळ्यांचे निकाल वाईट येतात. निदान झाल्यावर, अमिबा मारणारे थेंब चालू असताना, सूज उतरवायला स्टिरॉइड द्यावं की नाही, यावर नेत्रतज्ज्ञांचं आजही एकमत नाही.