नस दाबून आडवा, ठोसा खाऊन आडवा

मागच्या उन्हाळ्यात बडोद्यात रावपुऱ्याजवळच्या एका हॉलमध्ये कराटेचं प्रात्यक्षिक होतं. भाच्याला घेऊन गेले होते. फळ्या फोडून झाल्या, कौलं फोडून झाली आणि शेवटी, ठरावीक नसा क्रमाने दाबल्या की माणूस आडवा होतो, ही प्राचीन विद्या आहे, असं सांगत सरांनी एका धिप्पाड मुलाला पुढे बोलावलं. मनगटाच्या आतल्या बाजूला एक चापट, कोपराच्या वर दुसरी, आणि मग कानाखाली, मानेच्या कडेला हाताच्या धारेने एक हलका फटका. मुलगा कोसळला. मागे दोघे हात पसरून उभेच होते, त्यांनी त्याला अलगद झेलून सतरंजीवर निजवलं. माझ्या शेजारचे गृहस्थ खुर्चीतून उठले. "आ तो जादू छे!" भाचा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आत्या, खरंच गेला का रे तो?" बडोद्यातली मुलं आत्यालाही 'रे' म्हणतात, ते सोडून द्या.

मी बावीस वर्षं ज्युदो शिकवते. वडील बडोद्याच्या तालमीत लाल माती अंगाला लावून मोठे झालेले. तेव्हा उत्तर तोंडावर असायला हवं होतं. पण "खोटं आहे रे" एवढं म्हणून भागणार नव्हतं, कारण ज्या जागेवर सरांनी फटका मारला ती जागा अगदी खरी आहे. तिथे लागलं तर माणूस पडू शकतो. फक्त तो ज्या कारणाने पडतो आणि सर जे कारण सांगत होते, त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

गोंधळ आपल्या भाषेतही मुरलेला आहे. घाव 'वर्मी' लागतो, कुणीतरी नेमकं 'वर्मावर बोट' ठेवतं. वर्म म्हणजेच मर्म. बोट ठेवलं की समोरचा गार, ही कल्पना आपण बोलता बोलता गृहीत धरून बसलोय.

आधी ठोसा. मुष्टियुद्धात हनुवटीवर बाजूने ठोसा बसला की डोकं झटकन वळतं. कवटी वळते, पण आत पाण्यासारख्या द्रवात तरंगणारा सव्वा-दीड किलोचा मेंदू त्याच क्षणी वळत नाही. तो मागे राहतो, मग ओढला जातो, पिळला जातो. त्या पिळवटण्याने मेंदूतले धागे ताणले जातात आणि आपल्याला जागं ठेवणारी मेंदूच्या देठातली यंत्रणा क्षणभर बंद पडते. हनुवटी म्हणजे त्या डोक्याची लांब दांडी, म्हणून तिथे कमी जोरात जास्त काम होतं. ज्याची मान जाड आणि ज्याने ठोसा येताना पाहिला, त्याचं डोकं कमी वळतं. न दिसलेला ठोसा घात करतो तो यामुळे. यात नसबिस काही नाही. हनुवटीखाली एखादी गुप्त कळ असती तर बॉक्सर मंडळींनी ती कधीच शोधून काढली असती. शंभर वर्षांहून जास्त काळ ते पैशासाठी एकमेकांच्या तोंडावर मारताहेत.

खरोखर शुद्ध गेलेला माणूस पडताना बघणं हे बघवणारं दृश्य नसतं. तो बसत नाही, सावरत नाही. हात पुढे येत नाहीत, उलट कधीकधी एक हात हवेत ताठ उभा राहतो, जणू कुणाला थांब म्हणतोय. डोकं धप्पकन आपटतं आणि नंतर घोरल्यासारखा आवाज येतो. त्या हॉलमधल्या मुलाचे गुडघे आधी वाकले. आणि सतरंजीवर ठेवताना त्याने डोकं स्वतःच किंचित वर उचलून धरलं होतं. बेशुद्ध माणसाची मान भिजल्या टॉवेलसारखी लोंबते. भाच्याला मी तेवढंच दाखवलं.

यकृतावरचा ठोसाही लोक याच पोतडीत टाकतात. उजव्या बरगड्यांखाली तो नीट बसला की माणूस एखाद्या क्षणाच्या अंतराने दुमडून खाली येतो, पण शुद्ध शाबूत असते. उठायचं असतं, शरीर ऐकत नाही. ती वेगळी गोष्ट.

आता नस. 'प्राचीन विद्या' म्हणून जे सांगितलं जातं त्यातलं प्राचीन काय, तर आपल्याकडे सुश्रुतसंहिता. तिच्या 'शारीरस्थान' या भागात 107 मर्मं दिली आहेत आणि त्यांची परिणामांवरून विभागणी केली आहे: लगेच प्राण घेणारी 19, काही काळाने घेणारी 33, रुतलेलं शल्य (बाणासारखी वस्तू) उपटलं की मारणारी 3, व्यंग आणणारी 44 आणि नुसती वेदना देणारी 8. बेरीज करून बघा, बरोबर येते. यादी नीट वाचली की एक गोष्ट लक्षात येते. लगेच मारणाऱ्यांत हृदय आहे, बस्ती म्हणजे मूत्राशय आहे, नाभी आहे, कानशिलाजवळचे शंख आहेत, गळ्यातल्या शिरा आहेत. म्हणजे जिथे भाला घुसला तर माणूस जाईल त्या जागा. सुश्रुत शल्यचिकित्सक होता. शस्त्र चालवताना कुठे हात जपायचा आणि कुठल्या जखमेचं काय होईल हे तो सांगतोय. दोन बोटांनी टिचकी मारून पाडायची कृती त्यात शोधणाऱ्याला ती सापडणार नाही. केरळच्या कळरीपयट्टूत मर्मविद्या आहे, पण तिथेही ती उपचाराशी बांधलेली. चीनमधल्या कथांमधला 'दिम माक', म्हणजे मृत्यूचा स्पर्श, आणि जपानी कराटेतून निघालेलं 'क्युशो' यांनी मात्र या जागांना बटणांचं रूप दिलं. तीन बटणं क्रमाने दाबा, माणूस बंद.

तरीही मानेवरची ती जागा खरी म्हटलं, ते का? गळ्यातल्या घाटीच्या वरच्या कडेच्या पातळीला, मानेच्या बाजूला कॅरोटिड धमनी दुभंगते. त्या फाट्यावर एक फुगीर भाग असतो, कॅरोटिड सायनस. तिथे रक्तदाब मोजणाऱ्या नसांची टोकं आहेत. बाहेरून दाब पडला की त्यांना वाटतं, रक्तदाब फार वाढलाय. त्या मेंदूला कळवतात, मेंदू व्हेगस नसेमार्फत हृदयाला सांगतो, जरा सावकाश. ठोके मंदावतात, दाब उतरतो. डॉक्टर हीच जागा मुद्दाम चोळतात, ईसीजी लावून, पाच-दहा सेकंदच आणि एका वेळी एकाच बाजूला. बहुतेक तरुण, धडधाकट माणसांना यातून फार तर थोडं हलकं वाटतं. ज्यांची ही जागा अति हळवी असते त्यांचं हृदय तीन सेकंद किंवा जास्त थांबू शकतं, आणि अशी माणसं बहुतेक पन्नाशीच्या पुढची असतात. घट्ट कॉलर घालून मान वळवली की भोवळ येणारे आजोबा आठवतात? त्यातल्या काहींचं दुखणं हे. म्हणजे मानेवरचं हे बटण विशीतल्या हल्लेखोरापेक्षा त्याच्या आजोबांवर बरं चालतं.

मान म्हटली की वडिलांच्या तालमीतला रद्दा आठवतो. खडाखडीत जोडीदाराच्या मानेवर हाताच्या पुढच्या भागाने घणासारखा बसणारा फटका. सरांच्या फटक्याची जागा जवळपास तीच. पैलवान रोज दहा-वीस रद्दे खातात, मान लालेलाल होते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि कुस्ती चालू राहते. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "रद्द्यानं माणूस पडला असता तर आमची अर्धी तालीम रोज आडवी झाली असती." क्वचित कुणी डगमगायचा, नाही असं नाही. पण त्याला जोर लागतो, आणि समोरचा हलत असतो.

आणि इथेच तिसरी गोष्ट मध्ये येते, जिला लोक 'नस दाबली' म्हणतात: ज्युदोतला फास. इथे नसेचं काही नाही, पण दाबण्याचं सगळं काही आहे. मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या एकदम दाबल्या की मेंदूला रक्त मिळत नाही. श्वास अडवायची गरज नसते. न्यायवैद्यकाच्या पुस्तकांतले आकडे बघा, कॅरोटिड बंद करायला सुमारे 5 किलो दाब पुरतो, श्वासनलिकेला सुमारे 15. 1943 मध्ये अमेरिकेत रॉसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण स्वयंसेवकांच्या मानेभोवती पट्टा बांधून, तो एकदम फुगवून मेंदूचं रक्त तोडलं. मुलं पाच ते दहा सेकंदांत बेशुद्ध झाली. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही. पण तो कुणाच्या श्रद्धेवर अवलंबून नव्हता.

मी स्वतः एकदा फासात बेशुद्ध झालेय. हार मानली की थोपटून खूण करायची असते, ते सरावात हट्टाने केलं नाही. आधी हॉलमधला आवाज लांब गेला, कुणी रेडिओ शेजारच्या घरात नेऊन ठेवल्यासारखा. मग कडा काळ्या झाल्या. पुढचं आठवतं ते छतावरचा पंखा आणि मी विचारतेय, "माझा नंबर होऊन गेला का?" जोडीदाराने पकड सोडल्याला तोवर दहा-पंधरा सेकंद झाली होती. लहान मुलांच्या गटांत फासाला बंदी असते ती उगाच नाही.

आता तो हॉलमधला मुलगा. तो नाटक करत होता असं मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षं ज्या सरांपुढे वाकून नमस्कार केला, त्यांनी शंभर माणसांसमोर बोलावलंय. आधीचे चौघे पडलेत. मागे झेलायला माणसं उभी आहेत, म्हणजे पडणं ठरलेलंच आहे. मनगटावर चापट बसली की अंग सैल सोडायचं हे न शिकवता शिकलेलं असतं. रक्त काढताना सुई बघूनच काही जणांना घेरी येते ना? तिथे सुईने काहीच केलेलं नसतं, आणि घेरी मात्र खरी असते. तशी एखादी खरी मूर्च्छाही त्या स्टेजवर येत असेल.

पण मग ज्याला पडायचंच नाही त्याचं काय? अमेरिकेतले जॉर्ज डिलमन या प्रकाराचे मोठे प्रचारक. त्यांच्या पंथात स्पर्शाशिवाय पाडण्याचाही दावा होता. नॅशनल जिओग्राफिक वाहिनीच्या एका कार्यक्रमात बाहेरच्या माणसावर तो चालला नाही, तेव्हा त्यांनी कॅमेऱ्यासमोर कारण दिलं: त्याची जीभ तोंडात चुकीच्या जागी असेल, किंवा पायाचा एक अंगठा वर नि एक खाली केला तरी परिणाम होत नाही. हे ऐकून मला हसू आलं आणि मग जरा वाईट वाटलं, कारण त्यांचे शिष्य मान डोलावत होते. जपानात यानागी र्युकेन नावाचे गुरू शिष्यांना हात न लावता लोळवायचे. 2006 मध्ये त्यांनी एका व्यावसायिक लढवय्याशी पैज लावली. त्याने तोंडावर ठोसे मारले आणि म्हातारबुवा बघता बघता रक्तबंबाळ झाले. मला वाटतं त्यांचा स्वतःचाच त्यावर पूर्ण विश्वास होता. लबाड माणूस असली पैज लावत नाही.

याहून मोठी परीक्षा 12 नोव्हेंबर 1993 ला डेन्व्हरमध्ये झाली, पहिली यूएफसी, म्हणजे वेगवेगळ्या युद्धकलांचे लोक एकमेकांशी लढतात ती स्पर्धा. चावणं आणि डोळ्यांत बोटं घालणं वर्ज्य, बाकी जवळपास सगळं खुलं. जिंकला कोण, तर ब्राझिलियन जिउ-जित्सूचा रॉयस ग्रेसी, आणि अंतिम लढत संपवली मागून घातलेल्या फासाने.

बडोद्याच्या माणसाला यात एक जुनी आठवण यायला हवी. राजरत्न माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात 1907 पासून तीन वर्षं एक तरुण शिकत होता, पुढचे स्वामी कुवलयानंद. माणिकरावांकडे कुस्ती, लाठी यांबरोबर हाडं बसवण्याचं कसबही होतं, म्हणजे शरीराच्या नाजूक जागा त्या आखाड्याला चांगल्या ठाऊक होत्या. कुवलयानंदांनी 1920-21 मध्ये बडोद्याच्याच इस्पितळातल्या प्रयोगशाळेत उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रिया करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शरीरात नेमकं काय होतं ते मोजायला घेतलं, आणि 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढून तेच काम पुढे नेलं. योगावर श्रद्धा असलेला माणूस यंत्र घेऊन बसला. नस दाबून पाडणाऱ्यांपैकी कुणी अनोळखी, अविश्वासू, हलत्या माणसावर असं मोजून दाखवलेलं मला दिसलेलं नाही.

प्रात्यक्षिक संपल्यावर मी सरांकडे गेले आणि माझ्यावर करून बघा म्हटलं. ते हसून म्हणाले, "मॅडम, तुमची मान ज्युदोची. तुमच्यावर नाही चालणार." मग भाच्याने मान पुढे केली. त्याला मात्र मी मागे ओढलं. मानेवरचा जोराचा फटका धमनीचं आतलं अस्तर फाडू शकतो, तिथे गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. क्वचित होतं, पण चौदा वर्षांच्या मुलावर कशाला?

घरी येताना तो रिक्षात सारखा स्वतःच्या मानेवर बोटं फिरवत होता. "इथे का? की इथे?" मी त्याची बोटं घाटीच्या बाजूला नेऊन नुसती टेकवून ठेवली. सुरसागर तलाव येईपर्यंत तो ठोके मोजत होता.