लघुसंमीलन जनित्र

ड्यूटेरियम आणि किरणोत्सारी ट्रिटियम या हायड्रोजनच्या दोन जड रूपांची केंद्रके जुळवून, म्हणजे संमीलनाने (फ्यूजनने), ऊर्जा देणारी आणि कारखान्याच्या आवारात मावेल अशी नियोजित अणुभट्टी. आजवर कोणत्याही संमीलन यंत्राने ग्रिडला वीज किंवा कारखान्याला वाफ पुरवलेली नाही.

यंत्र लहान होते ते चुंबकाच्या जोरावर, कारण प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू, चुंबकीय क्षेत्रानेच कोंडून ठेवलेला असतो. प्लाझ्माचा दाब आणि चुंबकीय दाब यांचे गुणोत्तर तेच ठेवले, तर दर घनमीटरमागची शक्ती चुंबकीय क्षेत्राच्या चौथ्या घाताने वाढते. सप्टेंबर २०२१ मध्ये एमआयटी व कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्स यांनी उच्चतापी अतिसंवाहक (रोधाशिवाय वीज वाहणाऱ्या) फितीच्या चुंबकात २० टेस्ला क्षेत्र गाठले. अशाच चुंबकांच्या स्पार्क या टोकामॅकची (कड्याच्या आकाराच्या संमीलन यंत्राची) मुख्य त्रिज्या १.८५ मीटर आहे, फ्रान्समधल्या ईटर या आंतरराष्ट्रीय टोकामॅकची ६.२ मीटर. प्लाझ्माभोवतीचे, संमीलनातून सुटणारे न्यूट्रॉन अडवणारे ब्लँकेट आणि कवच मात्र आक्रसत नाही. यंत्र केवढेही असो, त्याला सुमारे मीटरभर जाडी लागतेच.

सुमारे ८०% ऊर्जा न्यूट्रॉन घेऊन जातात. ब्लँकेटमधल्या लिथियमशी अभिक्रिया होऊन त्यांची उष्णता मिळते आणि नवे ट्रिटियमही तयार होते. १०० मेगावॅटचे यंत्र वर्षभर अखंड चालले तर साधारण ५.६ किलो ट्रिटियम खपते, म्हणून ते जागेवरच बनवावे लागते.

वीज की उष्णता, हे गणितानेच ठरते. १०० मेगावॅट संमीलन, ब्लँकेटमधल्या अभिक्रियांनी होणारी उष्णतेची वाढ आणि प्लाझ्मा तापवायला दिलेले १० मेगावॅट धरून सुमारे १२० मेगावॅट उष्णता हाती येते. टर्बाइनची कार्यक्षमता ४०% धरली तर वीज ४८ मेगावॅट. प्लाझ्मा तापवणारी यंत्रणाही ४०% कार्यक्षम असेल तर तीच २५ खाते. शीतकरण व पंपांना ८ धरले तर विकायला उरतात जेमतेम १५. उष्णता थेट विकली तर टर्बाइनमधली तूट टळते. ३३ मेगावॅट वीज तेवढी बाहेरून घ्यावी लागते.

अडते ते तापमानापाशी. ब्लँकेटचे पोलाद ५५० अंश सेल्सिअसपर्यंतच टिकते. कागद, कापड, अन्नप्रक्रिया यांच्या वाफेला तेवढे पुष्कळ. सिमेंटच्या १,४५० अंशांच्या भट्टीला नाही.

तापलेल्या पोलादातून ट्रिटियम झिरपतो. त्यामुळे ब्लँकेटमधली उष्णता वाहून नेणारे शीतक आणि कारखान्याची वाफ यांच्यामध्ये वेगळे चक्र हवेच. त्यात वितळलेले नायट्रेट मीठ (६०% सोडियम नायट्रेट, ४०% पोटॅशियम नायट्रेट) सोयीचे, कारण ते ट्रिटियमचे ऑक्सिडीकरण करून पाणी बनवते. हे मीठ २४० अंशांच्या आसपास गोठू लागते, म्हणून नळ्यांना विजेचे तापक गुंडाळावे लागतात. प्लाझ्मा कोसळला की उष्णता क्षणात बंद होते. तेव्हा साठ्यातून तासभर १०० मेगावॅट पुरवायचे, तर मिठाचे तापमान २०० अंशांनी उतरू देऊन सुमारे १,२०० टन मीठ साठ्यात लागते.

भिंतीवर दर चौरस मीटरला १ मेगावॅट न्यूट्रॉनभार वर्षभर पडला, तर पोलादातला प्रत्येक अणू सरासरी १० वेळा जागचा हलतो. पोलाद ठिसूळ होते आणि आतले भाग दूरनियंत्रित यंत्रांनी बदलावे लागतात. त्या काळासाठी पर्यायी बॉयलर ठेवावाच लागतो, आणि त्याचा खर्च उष्णतेच्या दरातच धरावा लागतो.