दोघे एकदम बोलले की विमानाचा रेडिओ शिट्टी घालतो

१५ ऑगस्ट जवळ आला की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश हटकून फिरतो. भारतीय विमानांवर लिहिलेलं ‘व्हीटी’ म्हणजे ‘व्हाइसरॉयज टेरिटरी’, गुलामीची खूण, ती पुसायलाच हवी! यंदा तो आला तेव्हा मी भाच्याबरोबर बिजासन टेकडीवर होतो. तिथून विमानतळ समोरच दिसतो, हे इंदूरकरांना सांगायला नको. भाचा मोबाइलवर विमानं शोधत होता. म्हणाला, “मामा, तिकिटावर सिक्स ई, ॲपमध्ये आयजीओ आणि विमानाच्या अंगावर व्हीटी. एका विमानाला इतकी नावं कशाला?”

आधी व्हीटीचं सांगतो. १९२७ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषद झाली. कोणत्या देशातल्या रेडिओ केंद्रांची नावं कोणत्या अक्षरांनी सुरू व्हावीत, याची वाटणी तिथे झाली. व्ही या अक्षराच्या मालिका ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांकडे गेल्या. ऑस्ट्रेलियाची विमानं आजही व्हीएच लावतात. भारताच्या वाट्याला व्हीटीए ते व्हीडब्ल्यूझेड ही पट्टी आली आणि विमानांच्या नोंदणीची अक्षरं तिच्यातूनच घेतली गेली. आपल्याकडच्या हौशी रेडिओवाल्यांची, म्हणजे हॅम मंडळींची, नावं व्हीयूने सुरू होतात. तीही याच पट्टीतली. तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं हे खरं, पण व्हीटी हे कशाचंही लघुरूप नाही.

सिक्स ई हे इंडिगोच्या तिकिटापुरतं. आयजीओ हे हवाई वाहतूक नियंत्रकांच्या कागदोपत्री लिहायचं. आणि रेडिओवर तेच विमान स्वतःला ‘आयफ्लाय’ म्हणवतं, पुढे उड्डाणाचे आकडे सुटे सुटे. हे बोलायचं नाव म्हणजे कॉलसाइन. ब्रिटिश एअरवेजचं ‘स्पीडबर्ड’, तैवानच्या चायना एअरलाइन्सचं ‘डायनेस्टी’.

नावाची एवढी काळजी घ्यायची, कारण टॉवरशी बोलणाऱ्या सगळ्या विमानांची फ्रिक्वेन्सी एकच असते. उतरणारं, निघणारं, फ्लाइंग क्लबचं शिकाऊ, सगळे एकाच चौकात उभं राहून बोलल्यासारखे. एक बोलला की सगळ्यांना ऐकू जातं. म्हणून नियंत्रक आधी कॉलसाइन उच्चारतो, मग सूचना देतो. १२ जून २०२५ ला अहमदाबादहून निघालेल्या एअर इंडियाच्या विमानातून ‘मेडे’ची, म्हणजे संकटातली, हाक आली, तेव्हा नियंत्रकाने पहिल्यांदा कॉलसाइन विचारलं, असं प्राथमिक चौकशी अहवालात नोंदलं आहे. कोण हाक मारतंय हे कळल्याशिवाय मदतीची दिशाच ठरत नाही. उत्तर आलं नाही. त्यानंतरच्या दिवसांत १७१ या त्या उड्डाणाच्या आकड्याची बेरीज मांडून अपघाताचं कारण सांगणारे संदेश आमच्याही ग्रुपवर आले. माणसं गेली असताना असली आकडेमोड करणं मला निर्दयपणाचं वाटतं. आकडा कोणताही असो, त्याचं काम ओळख पटवणं एवढंच.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. वैमानिकाने बोलण्यासाठी बटण दाबलं की तेवढा वेळ त्याचा स्वतःचा रेडिओ बहिरा होतो. समजा दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं, तर आपण एकमेकांवर बोललो हे त्या दोघांनाही कळत नाही. मग कळतं कोणाला? ऐकणाऱ्या तिसऱ्याला. तेही विमानाचा रेडिओ जुन्या एएम पद्धतीचा आहे म्हणून.

आमच्या घरी आजीचा तंबोरा आहे. त्याच्या मधल्या दोन तारा, जोडीच्या, दोन्ही षड्जात मिळवायच्या असतात. त्यांच्यात किंचित फरक राहिला की आवाज एकसंध येत नाही, फुगतो आणि ओसरतो, फुगतो आणि ओसरतो. मणी केसभर सरकवला की या लाटा मंदावतात, तारा जुळल्या की थांबतात. एक तार सेकंदाला १३० कंपनं करत असेल आणि दुसरी १३२, तर सेकंदाला बरोबर २ लाटा ऐकू येतात. दोन कंपनांमधला फरक म्हणजेच लाटांची संख्या.

विमानाच्या रेडिओत हेच घडतं, फक्त आकडे अवाढव्य. हे रेडिओ साधारण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतात, आपल्या एफएम स्टेशनांच्या जरा वर. १२० मेगाहर्ट्झची वाहक लहर म्हणजे सेकंदाला १२ कोटी कंपनं. दोन विमानांचे रेडिओ एकाच फ्रिक्वेन्सीवर लावले तरी तंतोतंत जुळत नाहीत. दहा लाखांत दहा कंपनांचा फरक धरा. १२ कोटींवर तो होतो १२०० कंपनांचा. एएम पद्धतीत माणसाचा आवाज वाहक लहरीच्या उंचीवर स्वार झालेला असतो आणि ग्राहक, म्हणजे ऐकणारा रेडिओ, फक्त ती उंची वाचतो. दोन वाहक लहरी एकमेकींत मिसळल्या की त्यांची उंची सेकंदाला १२०० वेळा फुगते-ओसरते. १२०० हर्ट्झ आपल्या कानाला स्वच्छ ऐकू येतात, म्हणून हेडफोनमध्ये उमटते तीक्ष्ण शिट्टी. तंबोऱ्यात ज्या लाटा मोजता येत होत्या, त्याच इथे इतक्या दाट झाल्या की त्यांचा स्वर बनला.

एफएममध्ये असं होत नाही. तिथे आवाज कंपनसंख्येतल्या बदलात भरलेला असतो आणि ग्राहक उंचीतले चढउतार छाटूनच टाकतो. म्हणून गाणी स्वच्छ ऐकू येतात. पण दोन लहरी आल्या तर बलवान लहर ग्राहकाचा ताबा घेते आणि दुबळी मागमूस न ठेवता नाहीशी होते. गाण्यासाठी हे उत्तम. पण वीस मैलांवरून कोणी इंजिन बंद पडल्याचं सांगत असेल आणि जवळच्या विमानाने त्याच क्षणी बटण दाबलं, तर त्याचा आवाज गेला हेसुद्धा कोणाला कळणार नाही. एएममध्ये किमान शिट्टी वाजते. एएम टिकून राहण्याला आणखीही कारणं आहेत. जगभरची यंत्रं एकदम बदलणं सोपं नाही. पण हा गुण फार मोलाचा आहे. शिट्टी ऐकणारा तिसरा माणूस लगेच ‘ब्लॉक्ड’ म्हणतो आणि दोघेही आपलं बोलणं पुन्हा सांगतात.

तसं कोणी म्हटलं नाही, तर काय होतं? २७ मार्च १९७७, स्पेनचं टेनेरिफ बेट, धावपट्टीवर दाट धुकं. केएलएम या डच कंपनीच्या वैमानिकाने सांगितलं, ‘आम्ही आता टेकऑफला आहोत.’ नियंत्रक म्हणाला, ‘ओके’. क्षणभर थांबून पुढे म्हणाला, ‘टेकऑफसाठी थांबा, मी बोलावतो.’ नेमकं त्याच वेळी पॅन ॲमच्या विमानाने, कॉलसाइन ‘क्लिपर’, सांगितलं की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’ स्वच्छ पोचलं आणि पुढचे सुमारे तीन सेकंद शिट्टीत गेले. परत सांगा, असं कोणी विचारलं नाही. केएलएमचं विमान सुटलं आणि पॅन ॲमच्या विमानावर धडकलं. ५८३ माणसं गेली.

यानंतर भाषा घासूनपुसून काटेकोर करण्यात आली. मोघम ‘ओके’ला त्या भाषेत जागा नाही. ‘रॉजर’चा अर्थ ‘ऐकलं’ एवढाच, ‘हो’ असा नाही. होकारासाठी ‘ॲफर्म’ म्हणतात, कारण ‘ॲफर्मेटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’ यांचं शेपूट एकसारखं, खरखरीत तेवढंच ऐकू आलं तर अनर्थ. फोनवर आपण ‘प पतंगाचा, ब बदकाचा’ करतो, तसं तिथे अल्फा, ब्राव्हो, चार्ली. नऊला ‘नायनर’ म्हणायचं, म्हणजे ‘फाइव्ह’शी गल्लत होत नाही. आणि उंची, धावपट्टी, दिशा यांची प्रत्येक सूचना वैमानिकाने जशीच्या तशी उलट म्हणून दाखवायची. ती नियंत्रकाने कान देऊन ऐकायची, हा दुसरा अर्धा भाग तितकाच महत्त्वाचा. १९ फेब्रुवारी १९८९ ला क्वालालंपूरजवळ फ्लाइंग टायगरच्या मालवाहू जम्बोला २४०० फुटांवर उतरायला सांगितलं गेलं, सुट्या आकड्यांत: ‘टू फोर झिरो झिरो’. वैमानिकांना वाटलं हा ‘टू’ म्हणजे ‘पर्यंत’. त्यांनी उत्तर दिलं, ‘ओके, फोर झिरो झिरो’. चूक त्या उत्तरात उघड पडली होती, पण कोणी अडवलं नाही. विमान टेकडीवर आदळलं आणि आतले चौघेही दगावले.

टेनेरिफनंतर आणखी एक नियम झाला. ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा. बाकी सगळीकडे ‘डिपार्चर’. धावपट्टीवर नुसतं उभं राहायचं असेल तर ‘लाइन अप अँड वेट’.

आम्ही टेकडीवरून उतरायला निघालो तेव्हा धावपट्टीच्या टोकाशी एक विमान येऊन उभं राहिलं होतं. भाचा म्हणाला, “मामा, त्याला अजून तो शब्द सांगितलेला नाही ना?” आम्ही कठड्याशी थांबलो. मिनिटभराने इंजिनांचा आवाज चढला आणि विमान धावू लागलं. “सांगितला,” तो म्हणाला.