काविळीमागचे पाच विषाणू

डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागला, लघवी गडद झाली आणि अन्नाचा वासही नकोसा वाटू लागला, की महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत काविळीचे निदान डॉक्टरांच्या आधी शेजारीच करतात आणि काविळीचे औषध कोणत्या गावी मिळते, हेही तेच सांगतात. मात्र पिवळेपणाला कारणीभूत ठरणारा विषाणू कोणता, हा त्या वेळी विचारायलाच हवा असा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. यकृताला सूज आणणारे प्रमुख विषाणू पाच आहेत. त्यांना हिपॅटायटिस ए, बी, सी, डी आणि ई अशी नावे आहेत. त्यांचे पसरण्याचे मार्ग वेगळे, धोके वेगळे आणि उपचारही वेगळे आहेत.

आपल्या तांबड्या रक्तपेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या मोडल्यावर त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत त्यावर प्रक्रिया करून ते पित्तावाटे आतड्यात सोडते. यकृताच्या पेशींना सूज आली की हे काम मंदावते, बिलिरुबिन रक्तात साठते आणि डोळ्यांत व त्वचेत उतरते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की पेशींचा बहुतांश नाश विषाणू स्वतः करत नाही. विषाणू शिरलेल्या पेशी शोधून मारणारी आपली प्रतिकारशक्तीच तो करते. या रोगांतल्या पुढच्या अनेक कोड्यांचे उत्तर याच एका गोष्टीत आहे.

पाण्यावाटे येणारे विषाणू दोन, ए आणि ई. रुग्णाच्या विष्ठेतून ते बाहेर पडतात आणि दूषित पाण्यातून किंवा अन्नातून दुसऱ्याच्या तोंडी जातात. भारतातल्या काविळीच्या साथींचा अभ्यास ज्या घटनेपासून सुरू होतो, ती दिल्लीची साथ १९५५च्या अखेरीस उद्भवली. पुरानंतर यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी वझिराबाद जलशुद्धीकरण केंद्राच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोहोचले. अधिकाऱ्यांनी क्लोरिनचे प्रमाण वाढवले, त्यामुळे विषमज्वरासारखे जिवाणूजन्य आजार वाढले नाहीत. पण काही आठवड्यांनी शहरातल्या सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तेव्हा सर्वांनी हा ए विषाणूचाच प्रकार मानला. त्या साथीतल्या रुग्णांच्या रक्ताचे जपून ठेवलेले नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील संशोधकांनी अमेरिकन सहकाऱ्यांसह तपासले आणि १९८० साली दाखवून दिले की हा ए नव्हता आणि बीही नव्हता. काश्मीरमधल्या १९७८च्या साथीवरून डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढला. त्यानंतर सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेतून काढलेला अर्क स्वतः पिऊन आजार ओढवून घेतला आणि आपल्याच विष्ठेत या विषाणूचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आज आपण त्याला हिपॅटायटिस ई म्हणतो.

दिल्लीतली ती परिस्थिती कायमची सरली, असे मानण्याचे कारण नाही. आपल्या बहुतेक शहरांत नळाला दिवसातून काही तासच पाणी येते. पाणी बंद झाले की जलवाहिनीतला दाब उतरतो आणि शेजारच्या गटारातले पाणी तड्यांतून आत ओढले जाते. त्यामुळे शुद्धीकरण केंद्रातून निघालेले निर्दोष पाणी घरापर्यंत निर्दोष पोहोचेलच, याची खात्री राहत नाही. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती याच ई विषाणूची होती. घरगुती पातळीवर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे पाणी खळखळून उकळणे. रस्त्यावरच्या उसाच्या रसापेक्षा त्यात घातलेल्या बर्फाबद्दल अधिक सावध राहावे, कारण तो कोणत्या पाण्याचा आहे हे विक्रेत्यालाही अनेकदा ठाऊक नसते.

विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते आठ आठवडे जातात आणि रुग्णाच्या विष्ठेतून विषाणू सर्वाधिक बाहेर पडतो तो डोळे पिवळे होण्याच्या आधीच्या दिवसांत. म्हणजे रुग्णाला वेगळे ठेवण्याचा विचार सुचतो, तोवर संसर्ग बराचसा पुढे गेलेला असतो.

ए आणि ई यांवर नेहमीच्या रुग्णासाठी विषाणू मारणारे औषध नाही आणि बहुतेकांना त्याची गरजही नसते. विश्रांती, पुरेसे पाणी, झेपेल तसे अन्न आणि मद्य पूर्ण वर्ज्य, एवढ्यावर काही आठवड्यांत यकृत स्वतःच सावरते. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. तेल-तूप आणि हळद पूर्ण बंद करून रुग्णाला आठवडेच्या आठवडे फिक्या भातावर ठेवण्याचे शास्त्रीय कारण नाही. त्याने अशक्तपणाच वाढतो. पॅरासिटामॉलसह कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

काविळीच्या गावठी औषधांची कीर्ती टिकून आहे, ती नेमकी या आपोआप बरे होण्यामुळे. कावीळ 'उतरवताना' चुन्याच्या निवळीत हात धुतले की पाणी पिवळे होते, पण हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असेल तर निरोगी माणसाच्या हातानेही ते तसेच होते. गळ्यातली काविळीची माळ दिवसेंदिवस लांबते, कारण तिच्यातल्या ओल्या काड्या वाळून बारीक होतात आणि गाठी सैल पडतात. या प्रकारांवर विश्वास ठेवणाऱ्यांना हसण्यात मला काही अर्थ वाटत नाही. शंभरातले बहुसंख्य रुग्ण खरोखरच बरे झालेले त्यांनी पाहिलेले असतात. दुःख होते ते उरलेल्या थोड्यांसाठी, ज्यांचे मोलाचे दिवस त्यात जातात. रुग्ण गुंगीत जाऊ लागला, असंबद्ध बोलू लागला, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तर यकृत निकामी होत असल्याची शक्यता असते आणि त्याला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे लागते. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत तर या लक्षणांची वाट पाहूच नये. शेवटच्या तिमाहीत ई विषाणूने गाठलेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत गेल्याचे आढळले आहे.

ए विषाणू लहान मुलांत बहुधा लक्षणांशिवायच येऊन जातो आणि जन्मभराची प्रतिकारशक्ती देतो. पाणी आणि स्वच्छता सुधारलेल्या घरांतली मुले त्यापासून वाचतात, पण मोठेपणी तो गाठतो तेव्हा आजार अधिक तीव्र होतो. त्याची लस उपलब्ध आहे. अशा मुलांच्या पालकांनी बालरोगतज्ज्ञांकडे तिची चौकशी अवश्य करावी.

बी आणि सी यांची गोष्ट निराळी आहे. ते पाण्यातून किंवा एका ताटात जेवल्याने पसरत नाहीत. दूषित रक्त, पुन्हा वापरलेल्या सुया, लैंगिक संबंध आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाकडे, हे त्यांचे मार्ग. २००९ साली गुजरातमधल्या मोडासा येथे बी विषाणूची साथ आली, ती पुन्हा वापरलेल्या सिरिंजांमुळे. डी विषाणूला वाढण्यासाठी बीची सोबत लागते, त्यामुळे बीची लस दोघांनाही रोखते.

बी विषाणूचे सर्वांत मोठे कोडे वयाचे आहे. प्रौढाला संसर्ग झाला तर त्याची प्रतिकारशक्ती जोराने तुटून पडते, कावीळ होऊ शकते, आणि ९५ टक्क्यांच्या आसपास लोक विषाणूला कायमचे हुसकावतात. नवजात बाळाची प्रतिकारशक्ती त्याला ओळखतच नाही. त्यामुळे यकृताला सूज येत नाही, डोळे पिवळे होत नाहीत, बाळ सुदृढ दिसते, आणि अशा सुमारे ९० टक्के बाळांच्या शरीरात तो कायमचा राहतो. पुढे काही दशकांनी यकृत आक्रसण्याचा किंवा यकृताच्या कर्करोगाचा धोका त्यातूनच उभा राहतो. ज्याला कधीच कावीळ झाली नाही, त्यालाच अखेरीस मोठी किंमत मोजावी लागते. म्हणूनच बीच्या लसीचा पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत देण्याचा आग्रह धरला जातो.

उपचारांतही या दोघांत फरक आहे. बी आपल्या जनुकीय साहित्याची एक प्रत पेशीच्या केंद्रकात ठेवतो, तिथपर्यंत आजची औषधे पोहोचत नाहीत. टेनोफोव्हिरसारख्या रोजच्या गोळीने तो दबून राहतो, पण ती बहुधा दीर्घकाळ घ्यावी लागते आणि मनाने बंद केली तर आजार उसळू शकतो. सी केंद्रकात अशी प्रत ठेवत नाही, म्हणून सोफोस्बुव्हिर आणि डॅक्लाटास्व्हिर यांसारख्या गोळ्या साधारण १२ आठवडे घेतल्यावर ९५ टक्क्यांच्या आसपास रुग्ण पूर्ण बरे होतात. सीवर लस मात्र अजून नाही. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सीची तपासणी व औषधे सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. रक्तपेढ्यांत सीची चाचणी २००१पासून सक्तीची झाली. त्याआधी ज्यांना रक्त चढवले गेले, तसेच जे नियमित डायलिसिस घेतात किंवा ज्यांच्या आईला अथवा भावंडांना बीचा संसर्ग आहे, त्यांनी कोणतेही लक्षण नसतानाही ही रक्तचाचणी एकदा करून घ्यावी आणि गर्भवती स्त्रीची बीची चाचणी पहिल्याच तपासणीत झाली आहे ना, हे घरच्यांनी विचारून घ्यावे.