पार्श्वभूमी : ऐकलेलं अक्षर आणि लिहिलेलं अक्षर

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ बेने इस्रायल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाचं ‘शार हाशामाईम’ हे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, १८७९ पासून उभं आहे. सिनेगॉगमध्ये वाचली जाते ती तोरा, म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, छापील नसते. चर्मपत्रावर हाताने लिहिलेली गुंडाळी असते. अक्षरं ३,०४,८०५. लिहिणाऱ्याला, म्हणजे सोफेरला, मजकूर तोंडपाठ असला तरी आठवून लिहायची मुभा नाही. मूळ प्रत समोर ठेवायची, शब्द आधी उच्चारायचा, मग उतरवायचा. दोन अक्षरं एकमेकांना टेकली तर दुरुस्ती होईपर्यंत ती गुंडाळी वाचनाला चालत नाही. आणि देवाचं नाव एकदा लिहिलं की ते खोडता येत नाही.

एवढी कडक शिस्त पाळायची, कारण या परंपरेत अक्षर हा सृष्टीचाच कच्चा माल मानला आहे. ‘सेफर येत्झिरा’ हा छोटासा प्राचीन ग्रंथ सांगतो की देवाने बावीस हिब्रू अक्षरं कोरली, तोलली, उलटसुलट जुळवली आणि त्यांतून जग घडवलं. तीन अक्षरं ‘माता’, सात ‘दुहेरी’, बारा ‘साधी’. पुढे तो अक्षरांना दगड आणि शब्दांना घरं म्हणतो: दोन दगडांतून दोन घरं होतात, तिनांतून सहा, चारांतून चोवीस, सातांतून ५०४०. हे तर क्रमपर्यायांचं शुद्ध गणित! गूढविद्या आणि गणित एका श्वासात सांगणारं हे पान मला फार मोलाचं वाटतं. बाराव्या-तेराव्या शतकात दक्षिण फ्रान्स आणि स्पेनमध्ये बहरलेल्या कबालाला, म्हणजे ज्यू गूढविद्येला, या ग्रंथाचा मोठा आधार होता.

बेने इस्रायलांची स्वतःची आठवण मात्र वेगळी आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचं जहाज फुटलं, ग्रंथ समुद्रात गेले, उरली ती तोंडात बसलेली ‘शेमा’ प्रार्थना, असं ते सांगतात. म्हणजे कित्येक पिढ्या त्यांचा धर्म कानावर टिकला. आज हीच शेमा चर्मपत्रावर लिहून त्यांच्या दाराच्या चौकटीला मेझुझात, म्हणजे एका छोट्या डबीत, बसवलेली असते.

कानावर टिकणं आपल्याला परकं नाही. वेद पाठांतराने जपले गेले. पद, क्रम, घन अशा पाठपद्धती त्यासाठीच रचल्या. गणपती अथर्वशीर्ष घरोघरी म्हटलं जातं, त्यात ‘गकारः पूर्वरूपम्, अकारो मध्यमरूपम्’ असं येतं, ते मंत्राच्या ध्वनीचं वर्णन आहे. तंत्रमार्गात मातृकान्यास आला: वर्णमालेतला एकेक वर्ण उच्चारत शरीराच्या एकेका जागी स्थापायचा. सहा चक्रांच्या पाकळ्या मोजा: ४, ६, १०, १२, १६ आणि २. बेरीज पन्नास, आणि प्रत्येक पाकळीवर एक वर्ण.

आपल्याकडे अक्षराच्या आकाराला दुय्यम स्थान मिळालं, पण याच परंपरेतली अक्षरं जपानमध्ये आकारासाठी पुजली गेली. कुकाई हा भिक्षू ८०६ साली चीनहून परतला तो मंत्रमार्गी बौद्ध शिकवण आणि तिच्याबरोबरची, संस्कृत मंत्र लिहिण्याची सिद्धम लिपी घेऊन. त्याच्या शिंगोन पंथात आजही ‘अ’ हे अक्षर समोर मांडून ध्यान करतात.

अरबीत प्रत्येक अक्षराला संख्या आहे. ‘बिस्मिल्लाह’च्या पूर्ण वाक्याची बेरीज ७८६ होते, मुंब्र्यात हा आकडा पाहिला नसेल असा माणूस विरळा. अक्षरांतच ईश्वर प्रकटतो असं सांगणाऱ्या हुरुफी पंथाच्या फजलुल्लाह अस्त्राबादीला मात्र १३९४ मध्ये प्राण गमवावे लागले.

युरोपात कॉर्नेलियस अग्रिप्पा या गूढविद्येच्या जर्मन अभ्यासकाने १५३३ च्या ग्रंथात हिब्रूवरून बेतलेली ‘स्वर्गीय लिपी’ छापली. हल्ली लॉकेटवर ‘देवदूतांची लिपी’ म्हणून दिसतात त्या बऱ्याचशा अक्षरांचं मूळ अशा ग्रंथांत आहे. त्यांच्यामागे सोफेरची शिस्त नाही, न्यासातला उच्चारही नाही. तोरा आणि मातृकांच्या पंगतीत त्यांना बसवायला माझा ठाम विरोध आहे.